बातमी कुठून सुरू होते ते आधी पाहा

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका महाविद्यालयीन तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी येणाऱ्या मराठी दैनिकात आणि वसतिगृहातील कन्नड मित्राच्या मोबाइलवर एकाच घटनेच्या दोन बातम्या इतक्या वेगळ्या दिसतात की, दोघांपैकी कोणीतरी खोटे बोलते आहे असे वाटू लागते. मग निःपक्षपाती बातमी असे काही असते का, आपले राजकीय मत खरोखर आपले किती आणि ज्या घरात, ज्या गावात वाढलो त्याचे किती, आणि घरचे वृत्तपत्र वाचणे सोडून द्यावे का? बेळगावातील मराठी वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागात माझी उमेदीची वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर मी पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना वृत्तलेखन शिकवतो. त्या अनुभवावरून लिहितो.

बहुतेक वेळा दोघांपैकी कोणीच खोटे बोलत नसते. सीमाभागात ज्या बातम्यांवरून मित्रामित्रांत अबोला धरला जातो, त्यांतील बहुसंख्य बातम्यांचे तपशील पडताळून पाहिले तर खरे निघतात. फरक पडतो तो तपशिलांच्या आधी घेतलेल्या दोन निर्णयांमुळे. हकिकत कोणत्या क्षणापासून सांगायला घ्यायची हा पहिला, आणि ती कोणत्या एककात मोजायची हा दुसरा. मथळ्यातील तिखटपणा आणि निवेदकाचा चढा आवाज यांवर लोक बोट ठेवतात, कारण ते दिसते आणि ऐकू येते. वाचकाचे मत मात्र या दोन न दिसणाऱ्या निर्णयांनी घडते.

येळ्ळूरचे उदाहरण घेऊ. बेळगावच्या दक्षिणेला असलेल्या या गावाच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ असा फलक अनेक वर्षे उभा होता. जुलै २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाचा हवाला देऊन प्रशासनाने तो हटवला, गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, पोलीस पुन्हा आले, लाठीमार झाला आणि घरांत शिरून मारहाण केल्याच्या तक्रारी झाल्या. घटनाक्रम एवढाच आहे आणि त्याविषयी फारसा वाद नाही. पण ज्याने ही हकिकत न्यायालयाच्या आदेशापासून वाचली, त्याच्या मनात गावकरी हे आदेश मोडणारे आणि पोलीस हे आदेश पाळणारे म्हणून बसले. ज्याने ती पोलीस घराचा उंबरठा ओलांडतात तिथून वाचली, त्याच्या लेखी न्यायालयाचा आदेश शेवटच्या परिच्छेदातील एक तपशील होऊन राहिला. आणि ज्यांच्या घरात सीमाप्रश्न तीन पिढ्यांचा आहे, त्यांच्यासाठी ही हकिकत ना जुलैमध्ये सुरू होते ना न्यायालयात. ती १ नोव्हेंबर १९५६ या दिवशी, मुंबई राज्यातील बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले तेव्हा सुरू होते. तिन्ही हकिकतींत एकही वाक्य खोटे नसण्याची पूर्ण शक्यता आहे, आणि तरीही त्या वाचून उठलेली तीन माणसे एकमेकांना समजून घेऊ शकणार नाहीत.

ही सुरुवात ठरते कशी, ते बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. तिच्यामागे कटकारस्थान असते असा समज आहे. प्रत्यक्षात ती बहुधा वेळेच्या टंचाईतून आणि ओळखीपाळखीतून ठरते. असा प्रकार दुपारी घडला की संध्याकाळी गावच्या मराठी वार्ताहराचा फोन येतो. तो त्याच पंचक्रोशीतला असतो. ज्यांना मार बसला त्यांत त्याचे शेजारी, क्वचित नातेवाईकही असतात. पंचायतीतले सदस्य, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे कार्यकर्ते आणि सिव्हिल हॉस्पिटलबाहेर थांबलेली घरची माणसे यांच्याशी तो आधी बोललेला असतो. पोलीस अधिकारी त्याचा फोन उशिरा घेतात किंवा घेतच नाहीत. कन्नड दैनिकाच्या वार्ताहराची वाट उलट्या दिशेने जाते. जिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलीस ठाणे हे त्याचे रोजचे थांबे, तिथे त्याला कागद लगेच हाती मिळतो, पण येळ्ळूरच्या गल्लीत शिरून एखाद्या आजीबाईंशी बोलायचे तर भाषा आड येते आणि त्या दिवशीचा संशयही आड येतो. नऊच्या सुमारास दोघांच्या बातम्या आपापल्या कार्यालयात पोहोचतात आणि प्रत्येकाच्या इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, तेच येते, जे त्याला सर्वांत आधी आणि सर्वांत ठळकपणे समजले. उपसंपादकाकडे पान छपाईला सोडायला थोडा वेळ उरलेला असतो. दुसऱ्या बाजूचा परिच्छेद तो वर उचलू शकतो, आणि चांगला उपसंपादक तसे करतोही, पण जो परिच्छेद मुळात आलेलाच नाही तो कुठून उचलणार?

दुसऱ्या निर्णयाकडे, म्हणजे एककाकडे, मी अधिक लक्ष वेधू इच्छितो, कारण सीमाप्रश्नाचे सगळे राजकारण त्यावर उभे आहे आणि तरुण वाचकांना ते कोणी समजावून सांगत नाही. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला, तेव्हा शक्यतो जिल्हा न तोडण्याकडे त्याचा कल होता. म्हणून मराठी भाषकांचे प्रचंड बहुमत असलेला चंदगड तालुका तेवढा बेळगाव जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला आणि बाकीचा जिल्हा, बेळगाव शहरासह, म्हैसूर राज्याकडे गेला. महाराष्ट्राची भूमिका अशी की खेडे हे एकक धरावे, भौगोलिक सलगता पाहावी, भाषिक बहुमत पाहावे आणि लोकेच्छा पाहावी. या पायावर महाराष्ट्राने ८१४ गावांवर दावा सांगितला. पुढे सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. त्याने १९६७ मध्ये निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या बाजूची २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत असे सुचवले, आणि बेळगाव शहर मात्र आहे तिथेच ठेवले. महाराष्ट्राने हा अहवाल फेटाळला, कर्नाटकाने स्वीकारला, आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. आज आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असलेला दाव्याचा आकडा मात्र ८६५ गावांचा आहे.

माणसे तीच, बोली तीच आणि शिरगणतीही तीच. जिल्हा धरला तर उत्तर एक येते, तालुका धरला तर दुसरे आणि खेडे धरले तर तिसरे. तुमचा कन्नड मित्र ‘बेळगाव जिल्ह्यात कन्नड भाषक जास्त आहेत’ असे म्हणतो आणि तुम्ही ‘आमच्या तालुक्यात मराठी जास्त’ असे म्हणता, तेव्हा तुम्ही दोघेही बरोबर असता. तुमचा वाद कोणते माप न्याय्य, याविषयीचा आहे. माप कोणते घ्यावे हे वस्तुस्थिती सांगू शकत नाही. ते तत्त्वाने ठरवावे लागते, आणि तत्त्वावर उघड चर्चा होऊ शकते. ज्या दिवशी तुम्ही दोघे ‘तुझा आकडा खोटा’ हे सोडून ‘तुझे एकक मला मान्य नाही, आणि का नाही ते सांगतो’ असे बोलू लागाल, त्या दिवशी निम्मा संताप आपोआप गळून पडेल. उरलेला निम्मा खरा असेल आणि तो राहू द्यावा.

घर आणि गाव आपल्या मताला आकार देतात ते प्रामुख्याने आठवणींच्या निवडीतून. बेळगाव शहराचेच पाहा. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन. त्याच वेळी तिथे कर्नाटक एकीकरणाची परिषदही झाली, त्यामुळे कन्नड घरांत बेळगाव हे कर्नाटकाच्या एकीकरणाचे जन्मस्थान म्हणून सांगितले जाते. मे १९४६ मध्ये याच शहरात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झाले आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्यामुळे मराठी घरांत बेळगाव हे संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचे जन्मस्थान म्हणून सांगितले जाते. दोन्ही गोष्टी निर्विवाद घडलेल्या आहेत आणि त्या एकमेकींना खोडतही नाहीत. तरीही वर्गात मी हे दोन्ही प्रसंग विचारतो तेव्हा मराठी शाळेतून आलेल्या मुलांना दुसरा ठाऊक असतो, कन्नड शाळेतून आलेल्यांना पहिला, आणि इंग्रजी शाळेतून आलेल्यांना गांधीजी आले होते एवढेच. पुढे हीच मुले सीमाप्रश्नाची बातमी वाचतात तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा पूर्वार्ध आधीपासून तयार असतो आणि बातमी त्याला फक्त उत्तरार्ध पुरवते.

मानसशास्त्रात यावर झालेला एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. १९८२ मध्ये बैरूतमधील निर्वासित छावण्यांत हत्याकांड झाले. त्याविषयीच्या अमेरिकी दूरचित्रवाणीवरील बातम्या रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. तेच तुकडे पाहून पहिल्या गटाला त्या इस्रायलविरोधी वाटल्या आणि दुसऱ्या गटाला इस्रायलधार्जिण्या. हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना बातमी आपल्या विरुद्ध वाटली, हे लोकांना लक्षात राहते. माझ्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट पुढची आहे. ज्यांना त्या विषयाची जास्त माहिती होती, त्यांना पक्षपातही जास्त जाणवला. आपल्याकडे समज नेमका उलटा आहे. ‘मी या प्रश्नाचा अभ्यास केला आहे, म्हणून मला वृत्तपत्राची लबाडी कळते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. अभ्यासामुळे बातमीतून काय गळले ते कळते हे खरे, पण आपल्या बाजूचे काय गळले तेच आधी डोळ्यात भरते.

बेळगावच्या वृत्तपत्रात काम केलेल्या कोणालाही याचा पडताळा घरबसल्या मिळतो. मेळाव्याची बातमी छापून आली की सकाळी कन्नड संघटनेचा फोन येतो की तुम्ही तेल ओतता. त्यानंतर समितीच्या एका गटाचा फोन येतो की आमच्या नेत्यांचे भाषण दोन ओळींत उरकले, आणि मग दुसऱ्या गटाचा, की त्यांना दोन ओळी तरी का दिल्या. सगळेच नाराज आहेत, म्हणजे आपण बरोबर मध्यावर आहोत, असे समाधान अनेक पत्रकार करून घेतात. हे समाधान मला आळशीपणाचे वाटते. तिघांनी तक्रार केली म्हणून बातमी समतोल ठरत नाही. ती तिन्ही अंगांनी कच्चीही असू शकते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, नाहीतर माझ्या म्हणण्याचा गैरअर्थ निघेल. प्रत्येकाचा दृष्टिकोन असतो, याचा अर्थ प्रत्येकाचे म्हणणे सारखेच खरे असते असा होत नाही. न्यायालयाचा आदेश होता की नव्हता, त्यात नेमके काय लिहिले होते, रुग्णालयात किती जण दाखल झाले, गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवला गेला, या प्रश्नांची उत्तरे मराठीत आणि कन्नडमध्ये एकच असली पाहिजेत. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि दोन्ही राज्यांत बसगाड्यांना काळे फासण्याचे प्रकार झाले. त्या काळात नेत्यांच्या नावाने फिरलेल्या चिथावणीखोर मजकुराने दोन्हीकडची माणसे पेटली होती. १४ डिसेंबरला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक झाल्यावर केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितले की, बड्या नेत्यांच्या नावाने ट्विटरवर बनावट खाती उघडली गेली होती आणि त्यांनी वातावरण बिघडवायला हातभार लावला. बनावट खाते हे बनावटच असते, मग ते कोणाच्याही बाजूचे असो; तिथे ‘ज्याची त्याची दृष्टी’ म्हणून हात झटकता येत नाहीत. मजकूर खरा की खोटा हा प्रश्न आधी निकालात काढायचा, आणि तो खरा असेल तरच त्याची सुरुवात कुठून केली आणि माप कोणते घेतले या प्रश्नांकडे वळायचे.

आपल्या मतात आपला वाटा किती, हे पाहण्यासाठी मला उपयोगी पडलेली रीत म्हणजे बातमीतील राज्य बदलून पाहणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकाने दुकानांच्या फलकांवर साठ टक्के कन्नड सक्तीचे करणारी कायदादुरुस्ती केली. सीमाभागातील मराठी वाचकाने ती ‘आपल्या मराठी पाट्यांवर घाला’ म्हणून वाचली. बेंगळुरूच्या वाचकासाठी मात्र ती मराठीविषयी मुळीच नव्हती. तिथे डिसेंबर २०२३ मध्ये इंग्रजी पाट्यांविरुद्ध आंदोलन होऊन मोडतोड झाली होती आणि त्या वाचकाच्या नजरेसमोर मॉलवरची इंग्रजी नावे होती. आता महाराष्ट्राकडे पाहा. तिथे २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सर्व दुकानांवर देवनागरी मराठी पाटी, तीही इतर लिपींपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत, सक्तीची झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिने दिले. त्या बातमीने सीमाभागातील मराठी माणूस सुखावला. मुंबईची सक्ती योग्य आणि बेळगावची अन्याय्य, असे तुम्हाला वाटत असेल तर ते एका दमात ‘ढोंग’ म्हणून टाकून देऊ नका. त्यामागे सबळ कारण असू शकते: बेळगावचा मराठी माणूस येथे भाषिक अल्पसंख्याक आहे, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीसंबंधीचे ३५०-अ कलम आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद अशाच लोकांसाठी आणली, आणि अल्पसंख्याकावरील सक्ती व बाजारपेठेतील बलाढ्य भाषेवरील मर्यादा यांत फरक करता येतो. हा युक्तिवाद मला स्वतःला बराचसा पटतो. पण तो पटतो म्हणून सोलापूरच्या किंवा जतच्या कन्नड भाषकालाही तो तंतोतंत लागू करावा लागतो. तिथे तुमची जीभ अडखळली, तर तेवढा भाग युक्तिवादाचा नसून घराचा आहे असे समजा.

घर आणि भाषा यांपलीकडची तिसरी गोष्ट म्हणजे आपण कुठे उभे आहोत ती जागा, आणि तुम्ही खानापूरचे असल्यामुळे यासाठी म्हादईपेक्षा चांगले उदाहरण नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि म्हादईही खानापूर तालुक्यातच उगम पावते. एक पूर्वेला वाहते, दुसरी गोव्याला जाते. कळसा आणि भांडुरा नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाड परिसराची तहान भागवायची, अशी कर्नाटकाची योजना आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये म्हादई लवादाने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. ही बातमी हुबळीत पिण्याच्या पाण्याची असते, नरगुंद-नवलगुंदच्या बाजूला शेतकऱ्यांच्या आंदोलनाची असते, पणजीत नदी आणि अभयारण्य वाचवण्याची असते, आणि बेंगळुरूत कोणत्या पक्षाने श्रेय घेतले याची. ज्या मातीत हे नाले आहेत त्या कणकुंबीच्या माणसाची बातमी यांपैकी कोणतीच नसते. त्याचा प्रश्न असा की माझ्या रानातले पाणी, माझे जंगल आणि माझा पावसाळ्यातला रस्ता यांचे काय, आणि त्याला चारही ठिकाणच्या पहिल्या पानावर जागा मिळणे कठीण असते. लक्षात घ्या, येथे मराठी-कन्नड ही विभागणी काहीच उलगडत नाही. गोव्याचा कोकणी भाषक आणि नवलगुंदचा कन्नड भाषक यांचे मतभेद पाण्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे आहेत. बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासमध्ये सुपीक जमिनी जाणार म्हणून जे शेतकरी वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरले, त्यांचेही भांडण भाषेचे नाही, जमिनीचे आहे. सीमाभागातील प्रत्येक बातमी भाषेच्या चष्म्यातून वाचण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, जमिनीची, पाण्याची किंवा ऊसदराची बातमी समोर आली तरी आपण आधी आंदोलकांची आडनावे पाहतो.

निवडणुकीचे निकाल वाचतानाही हेच होते. एप्रिल २०२१ मध्ये बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या तरुण उमेदवाराला १ लाख १७ हजारांहून अधिक मते पडली. भाजपच्या उमेदवाराचा विजय जेमतेम पाच हजारांच्या फरकाने झाला. ‘मराठी अस्मिता जागी झाली’ असे विश्लेषण त्या वेळी झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या, आणि त्या विजयी नगरसेवकांत मराठी भाषकही होते. लगेच ‘मराठी अस्मिता संपली’ असे विश्लेषण सुरू झाले. पाच महिन्यांत अस्मिता जागी होऊन संपत नाही. मतदार तोच होता. एका मतपत्रिकेसमोर तो सीमाभागातला मराठी माणूस म्हणून उभा राहिला आणि दुसऱ्या वेळी हिंदू म्हणून, गल्लीतल्या गटारीला वैतागलेला करदाता म्हणून किंवा ओळखीच्या उमेदवाराचा शेजारी म्हणून. विश्लेषक ज्या एका ओळखीने स्वतः विचार करतो, तीच तो मतदाराला चिकटवतो. वृत्तपत्रातील निकालाचे विश्लेषण वाचताना मतदारापेक्षा विश्लेषकाविषयी जास्त माहिती मिळते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईहून येणाऱ्या मराठी वाहिन्यांविषयी थोडक्यात. त्यांच्या लेखी बेळगाव वर्षातून दोनदा अस्तित्वात येते: १ नोव्हेंबरला, आणि बेळगावातील सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरून समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली जाते तेव्हा. १ नोव्हेंबरला एकाच शहरात सकाळी मराठी भाषकांची काळ्या पोशाखातील निषेधाची सायकल फेरी निघते आणि चन्नम्मा चौकात कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे उसळतात. मुंबईला पहिले छायाचित्र जाते, बेंगळुरूला दुसरे. दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी लावण्याचे धाडस बेळगावातच कधीतरी होते. आणि त्याच दिवशी दोन्ही मिरवणुका चुकवून बाजारात भाजी विकायला आलेल्या कंग्राळीच्या बाईचे छायाचित्र कोणीच काढत नाही. आपल्या प्रश्नाला महाराष्ट्रात वाचा मिळते म्हणून आपण या वाहिन्यांचे आभार मानतो. ते ठीक आहे, पण आपल्या जगण्याचा उरलेला भाग त्यांना ठाऊक नाही, आणि त्या वाहिन्या पाहून आपणही हळूहळू स्वतःला त्या दोन दिवसांपुरते ओळखू लागतो, ही त्याची किंमत आहे.

निःपक्षपाती बातमी असते का, याचे उत्तर आता देता येईल. दृष्टिकोनाविना लिहिलेली बातमी मी पाहिलेली नाही. दृष्टिकोन उघड ठेवून प्रामाणिकपणे लिहिलेल्या बातम्या मात्र पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांची खूण अशी की, बातमीदाराला ज्यांच्याशी बोलता आले नाही त्यांचा उल्लेख बातमीत असतो, आरोप आणि सिद्ध झालेली गोष्ट वेगळ्या वाक्यांत असतात, आणि दोन दिवसांनी नवी माहिती आली तर तीही त्याच ठिकाणी, तेवढ्याच अक्षरांत छापली जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात बसवाहकाला झालेल्या मारहाणीचे प्रकरण आठवा. मराठी येत नाही म्हणून मारले, असे वाहकाचे म्हणणे होते. मुलीशी गैरवर्तन केल्याची तक्रार त्याच्याविरुद्ध नोंदवली गेली. पुढे मुलीच्या कुटुंबाने ती मागे घेत असल्याचे सांगितले. पहिल्या दिवशी दोन्हीकडे आगीसारख्या पसरलेल्या किती मजकुरांनी ही तिसरी गोष्टही पसरवली, याचा शोध घ्या. कोणाचे वाचावे हे तुम्हाला त्यातून कळेल.

सीमाभागातील माणसाला एक सोय आहे जी पुण्याच्या किंवा म्हैसूरच्या माणसाला नाही. घटना ज्या गावात घडते त्या गावात आपला कोणीतरी पाहुणा असतोच. व्हॉट्सॲपवर आलेली चित्रफीत पुढे ढकलण्याआधी त्या पाहुण्याला फोन करा, आणि ‘कोणाची चूक होती’ असे न विचारता ‘आधी काय झाले आणि नंतर काय’ एवढेच विचारा. चूक कोणाची हे विचारले की माणूस बाजू घेऊन बोलतो. क्रम विचारला की आठवून बोलतो.

राहिला घरचे वृत्तपत्र सोडण्याचा प्रश्न. सोडू नका. जे वृत्तपत्र तुमच्या गावच्या शाळेची, तुमच्या सोसायटीच्या निवडणुकीची आणि तुमच्या आजोबांच्या निधनाची बातमी छापते, त्याच्याशी असलेले नाते केवळ सीमाप्रश्नापुरते नसते. त्याच्या जोडीला एक कन्नड दैनिक सुरू करा. तुम्ही शाळेत कन्नड शिकलेले आहात; वेग कमी असेल तर महिनाभरात वाढेल. मात्र पहिल्या पानापासून किंवा सीमाप्रश्नाच्या बातमीपासून सुरुवात करू नका, कारण तिथे तुम्ही वाचण्याऐवजी तपासू लागाल आणि पहिल्याच आठवड्यात ते बंद कराल. तालुक्याचे पान घ्या. खानापूरच्या बसस्थानकाची, जांबोटी रस्त्यावरच्या खड्ड्यांची, अस्वलाच्या हल्ल्याची, वसतिगृहातल्या जेवणाची बातमी दोन्ही दैनिकांत शोधा. म्हणजे जी घटना तुम्ही स्वतः पाहिली आहे आणि जिच्याविषयी तुमच्या मनात राग-लोभ नाही, अशी. दोन्ही दैनिके कोणाला विचारतात, आकडा कुठून आणतात, अधिकाऱ्याचे म्हणणे तसेच छापतात की जागेवर जाऊन पाहतात, हे तिथे तुम्हाला स्वच्छ दिसेल. दोन-तीन महिने असे वाचून झाले की मित्रालाही तुमच्या मराठी दैनिकाचे तेच पान वाचून दाखवा आणि त्याचे मत विचारा. सीमाप्रश्नाच्या बातमीवर दोघांनी त्यानंतर बसावे.